ठिपक्यांची रांगोळी आणि मनःस्वास्थ्य

प्रस्तावना : बार्शीत आजही सकाळी सडा घालून दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढली जाते. धार्मिक आचार व लोककला म्हणून आपण तिच्याकडे पाहतो. मनावरील ताण हलका करणारी कृती म्हणूनही तिचा विचार व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

स्वरूप : प्रथम समान अंतरावर ठिपके मांडले जातात, नंतर रेषा ते जोडते किंवा त्यांना वळसा घालते. एक ठिपका चुकला की आकृती बिघडते, म्हणून लक्ष हातातील रेषेवरच ठेवावे लागते. पुढे काय काढावे, हा प्रश्न मात्र ठिपक्यांनीच सोडविलेला असतो. मन गुंतते, पण निर्णयाचा भार पडत नाही.

आधार : अमेरिकेत करी व कॅसर यांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. मंडल किंवा चौकटींची आकृती रंगविणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर रंगविणाऱ्यांपेक्षा अधिक घटली. हा प्रयोग रांगोळीवरील नव्हे आणि त्यात तात्कालिक परिणामच मोजला गेला, हे ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष : घाईच्या सकाळी गृहिणीवर लादलेली रांगोळी ताण वाढवील, स्वेच्छा ही येथे पहिली अट आहे. उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे तपासताना मध्ये दहा मिनिटे पाठकोऱ्या कागदावर ठिपके जोडून पाहणे प्राध्यापकांनाही, पुरुषांनाही, शक्य आहे. तथापि हा उपचार नव्हे. दीर्घकाळ झोप उडाली वा जगणे नकोसे वाटले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.