मॅन्टिसच्या पेटीत तळाला काय घालावं?

दिवाळीच्या सुमारास खानदेशात कापसाची वेचणी जोरात असते, आणि ओट्यावरच्या दिव्याला भुलून एखादा प्रार्थना कीटक भिंतीवर येऊन बसतो. पुढचे पाय जोडलेले, डोकं त्रिकोणी, आपण सरकलो की मान वळवून बघणारा. हल्ली पोरं त्याला ‘मॅन्टिस’ म्हणतात आणि पाळायलाही घेतात. बरणी शोधतात, तळाला वावरातली काळी माती टाकतात. गडबड इथूनच सुरू होते.

काळी माती कपाशीला उत्तम, पेटीला वाईट. ओली झाली की ती फुगते, चिकट होते, आत हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. वाळली की आक्रसते, भेगा पडतात, आणि खायला सोडलेला रातकिडा त्या भेगेत दडून बसतो. हे किरकोळ वाटेल, पण मॅन्टिस कात टाकताना उलटा टांगलेला असतो. नवं अंग मऊ, त्यामुळे पळता येत नाही. तेवढ्यात भुकेला रातकिडा वर चढून त्यालाच कुरतडू शकतो. शिवाय वावरातल्या मातीत फवारणीचा अंश असतो. मावा-तुडतुड्यांवर मारलेलं औषध मॅन्टिसला ओळखून वगळत नाही. केळीच्या बागेतली वाळकी पानं दिसायला झकास, पण करप्यासाठी तिथेही फवारे मारलेले असतात, तीही नकोत.

मुळात मॅन्टिस जमिनीवर राहणारा प्राणी नाही. तळाच्या थराचं मुख्य काम म्हणजे ओल धरणं आणि ती हळूहळू सोडणं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. कात सुटायला ओलावा लागतो. तो कमी पडला तर जुनी कात पायात अडकते आणि पाय वाकडे होतात.

म्हणून मोठ्या किड्याला माझं मत कोकोपीटला. रोपवाटिकेत त्याची दाबलेली वीट मिळते. ती साध्या पाण्यात फुलवून धुवायची, घट्ट पिळायची आणि दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यायचा. मुठीत दाबल्यावर थेंब पडला तर अजून पिळा. पिल्लांना मात्र नुसता टिश्यू पेपर बरा: त्यांना दिलेली चिलटं कोकोपीटमध्ये हरवतात, कागदावर दिसतात, आणि कागद बदलणं सोपं. तापी-गिरणेची वाळू ओल धरत नाही. दक्षिण भारतातल्या कोरड्या रानातला लांब मानेचा गाँगायलस ठेवला असेल, तरच ती चालेल. त्याला कोरडी ऊब मानवते. आपल्याकडच्या हिरव्या, दांडग्या हायरोड्युलाला नाही.

उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा द्या; किडा तेच थेंब पितो. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. पावसाळ्यात थर पातळ ठेवा, जाळीचं झाकण लावा, मेलेली शिकार लगेच काढा. डासांचं लिक्विड मशीन आणि अगरबत्ती त्या खोलीत लावूच नका. पेटीची उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, आणि ती थराच्या वरून मोजायची. हौसेने जाड थर घालून हीच उंची खाल्ली जाते. टांगायला जागा उरली नाही, तर कोकोपीट कितीही चांगलं असलं तरी कात नीट निघणार नाही.

आणि सातपुड्यात फिरायला गेलात तरी यावल किंवा अनेर अभयारण्यातून किडा, पालापाचोळा, माती काहीही उचलून आणू नका. पाळायला अंगणातल्या दिव्यावर आलेला पुरे.