गोगलगाय आणि पाखरांची अंडी

मुलांनो, पाऊस हे वनाचे जीवन होय. परंतु तोच पाऊस मातीला अपायकारक ठरला, तर काय होईल?

युरोपातील नेदरलँड्स या देशात १९८० नंतरच्या दशकात एक विलक्षण गोष्ट आढळून आली. तेथील काही वनांत चिमणीएवढ्या लहान पाखरांच्या अंड्यांची कवचे फार पातळ होऊ लागली. कित्येक अंडी घरट्यातच फुटत. काही माद्या तर रिकामे घरटेच उबवीत बसत!

शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधले. कोळसा व खनिज तेल जळताना गंधकाचे व नत्राचे वायू हवेत जातात. तेथे त्यांचे आम्ल बनते आणि ते पावसाबरोबर खाली येते. या आम्लामुळे मातीतील चुन्याचा अंश विरघळून वाहून जातो. मग पालापाचोळ्यात राहणाऱ्या गोगलगायींना शंखासाठी चुना मिळत नाही व त्यांची संख्या घटते. अंड्यांच्या कवचासाठी पाखरे चुना मिळवीत, तो या शंखांतूनच!

शास्त्रज्ञांनी पाखरांसाठी गोगलगायींचे शंख व कोंबडीच्या अंड्यांची टरफले ठेवली, तेव्हा कवचे पुन्हा टणक झाली. परंतु प्रत्येक घरट्यापाशी टरफले कोण ठेवणार? धूर रोखणे हाच खरा उपाय. पुढे युरोपात गंधकाचा धूर पुष्कळ कमी झाला. तथापि मातीतून गेलेला चुना लवकर परत येत नाही.

गोगलगाय क्षुद्र खरी. पण झाडावरील घरट्याचे सुख तिच्या शंखावर अवलंबून असते.