तीन जीबी मागितले तर

कर्वेनगरातल्या भाड्याच्या खोलीत ती लिनक्स कर्नल उघडून बसलीय. कोडच्या ओळी तीन कोटींहून जास्त. ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचं फोल्डर आहे, जाडजूडही आहे. पण अमुक ओळ अशीच का, हे त्यात सापडेलच असं नाही.

“दादा, सुरुवात कुठून करू?”

“सुरुवातीपासून तर मुळीच नको. कुठलं फंक्शन कुणाला बोलावतं ते दाखवणारं एफट्रेस चालू कर नि एक फाइल कॅट कर.”

व्हर्च्युअल मशीनवर ती फंक्शन-ग्राफ लावते. स्क्रीनभर महिरपी कंस सांडतात. व्हीएफएस-रीड, त्याच्या पोटात ईएक्सटी-फोरचं फंक्शन, आणखी आत फाइलमॅप-रीड. प्रत्येकाला किती मायक्रोसेकंद लागले तेही शेजारी. कोट्यवधी ओळींतून वाचायच्या तेवढ्या मूठभर ओळी हाती आल्या.

ती रीड-राइट डॉट सी उघडते आणि अडते.

“वाचायची मागणी मोठी असली तर गुपचूप कापतात? चौसष्ट बिटच्या मशीनवर जेमतेम दोन जीबी?”

दादाला उत्तर माहीत असावं, चेहऱ्यावरून तरी तसंच वाटतं. पण तो म्हणतो, “गिट ब्लेम लाव, ही ओळ शेवटी कुठल्या कमिटनं बदलली ते दिसेल.”

ब्लेम ज्या कमिटवर नेतं तिथं ती ओळ नुसती हललीय. नवखे इथंच कंटाळतात. ती मात्र मर्यादेचं नाव देऊन गिट लॉगला उणे-एस लावते: हे नाव कोडमध्ये कधी आलं? २०१०चा एक कमिट येतो, मग जानेवारी २००६चा, खुद्द लायनस टॉरवाल्ड्सचा. ती सावकाश वाचते. खालच्या थरांत आकडे ओव्हरफ्लो होतात, दुर्दैवानं वारंवार; त्यांना जपायचं, पण मागणी साफ नाकारण्याऐवजी छाटून. डिझाइनचा कागद म्हणतात तो हाच, चार ओळींचा.

“आणि याच्या आधी?”

आधी एप्रिल २००५ची भिंत. गिटमधला इतिहास २.६.१२-आरसी२ पासूनच सुरू होतो. त्यामागचा बिटकीपर या आधीच्या प्रणालीत होता, तो टॉरवाल्ड्सनी मुद्दामच आणला नाही.

ती पुढे सी-मध्ये दहाएक ओळी खरडते: नुसती शून्यं पुरवणाऱ्या डेव्ह-झीरोकडे एका दमात तीन जीबी मागायचे. एंटर. हाती येतात २१४७४७९५५२ बाइट, एररबिरर काही नाही.

“म्हणजे उरलेलं मीच पुन्हा मागायचं? मग माझ्या जुन्या कोडमध्ये कुठंच लूप नाहीये की!”

दादा हसत खुर्ची ओढतो. “दाखव.”