एका केबलमध्ये सहा आवाज

पुण्यातला माझा भाचा तपकीर गल्लीत साउंड कार्ड घ्यायला निघाला होता. भाऊजींचा जुना रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर त्याच्या खोलीत नीट मांडलेले आहेत. संगणकाच्या मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुटही आहे. सिनेमा लावला की आवाज खोलीभर फिरतो, पण गेम सुरू केला की मागचे दोन्ही स्पीकर गप्प. ‘मामा, ७.१ लिहिलेलं कार्ड घेतलं की काम होईल ना?’ त्याने फोनवर विचारलं. मी म्हटलं, ‘थांब, आधी रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव.’

कार्डाच्या खोक्यावरचा ७.१ हा आकडा बहुतेक वेळा अॅनालॉग आउटपुटचा असतो. म्हणजे मागच्या त्या रंगीत छिद्रांचा: हिरवं पुढच्या स्पीकरसाठी, काळं मागच्यांसाठी, नारिंगी मधल्या स्पीकरसाठी आणि सबवूफरसाठी. ऑप्टिकल केबलमधून किती आवाज जातील, ते या आकड्यावरून कळत नाही. ‘१२० डेसिबल’ वगैरे शुद्धतेचे आकडेही त्या छिद्रांपुरतेच. ऑप्टिकलमधून आवाज आकड्यांच्याच रूपात बाहेर पडतो आणि आकड्यांचा आवाज करण्याचं काम रिसीव्हरमधली चिप करते. कार्डावरच्या महागड्या चिपसाठी मोजलेले पैसे अशा वेळी अक्षरशः पडून राहतात.

ही केबल तोशिबाने १९८३ साली आणली. आउटपुटचं टोपण काढून पाहिलं तर आत लाल ठिपका चमकताना दिसतो. तो लाल उजेडच प्लास्टिकच्या तंतूतून आकडे वाहून नेतो. आकडे कोणत्या क्रमाने जायचे, याचे नियम सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवले आणि दोघांच्या नावांवरूनच त्या पद्धतीला एसपीडीआयएफ म्हणतात. तो काळ सीडीचा होता. सीडीवर दोनच चॅनेल, म्हणून एसपीडीआयएफच्या प्रत्येक फ्रेममध्येही दोनच जागा आहेत: एक डाव्या आवाजाची, एक उजव्या. तिसऱ्याला जागाच नाही.

आता हिशेब करू. संगणक आवाजाची मोजणी सेकंदाला ४८,००० वेळा करतो आणि प्रत्येक मोजणी १६ बिट्समध्ये लिहितो. दोन चॅनेलचे होतात सेकंदाला १५.३६ लाख बिट्स. सहा चॅनेलचे ४६.०८ लाख. मग भाच्याचा सिनेमा त्याच केबलमधून सहाही आवाज घेऊन कसा येतो?

तो बांधून येतो. डॉल्बी डिजिटल नावाची ही बांधणी आधी चित्रपटगृहांसाठी झाली. १९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’मध्ये आवाजाचे आकडे फिल्मच्या कडेच्या दोन भोकांमधल्या चिमुकल्या जागेत ठिपक्यांच्या रूपात छापले होते. तिथे सहा चॅनेल सेकंदाला ३.२ लाख बिट्समध्ये बसवले होते. डीव्हीडीवर ही मर्यादा ४.४८ लाखांची. ४६ लाखांचे साडेचार लाख होतात, म्हणजे नऊ-दशांश माल टाकून दिला जातो, तरी कानाला फारसं काही हरवल्यासारखं वाटत नाही. याचं कारण आपल्या कानातच आहे. मिक्सरवर चटणी वाटली जात असताना शेजारच्या फ्रीजची घरघर ऐकू येत नाही. ती थांबलेली नसते, मोठ्या आवाजाने झाकलेली असते. मिक्सर बंद झाला की ती पुन्हा जाणवते. असे झाकले जाणारे आवाज डॉल्बीचं गणित हुडकून काढतं आणि त्यांच्यावर बिट्स खर्चच करत नाही. श्रवणविज्ञानाचा इतका सुंदर उपयोग मला दुसऱ्या कुठल्या घरगुती यंत्रात दिसत नाही.

हे बांधलेलं गाठोडं संगणक न उघडता रिसीव्हरकडे पोचवतो. याला पासथ्रू म्हणतात. ते चालू आहे की नाही, हे घरबसल्या तपासता येतं. सिनेमा सुरू असताना संगणकावरचा आवाजाचा स्लायडर खाली ओढून पाहा. आवाज कमी होत नाही. कमी करायचा तर आतला प्रत्येक आकडा बदलावा लागेल, आणि गाठोड्यातले आकडे बदलले तर ते रिसीव्हरला उघडताच येणार नाही. उलट, हेच गाठोडं चुकून साधा आवाज म्हणून वाजवलं गेलं, तर तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तशी कर्कश चरचर येते.

गेमचं तसं नाही. पाठीमागचं पाऊल वाजणार की डावीकडे दार उघडणार, हे खेळणाऱ्याच्या पुढच्या हालचालीवर ठरतं. आवाज त्या क्षणी तयार होतात आणि सहाच्या सहा कच्चे असतात. ते बांधणारं कोणी नसेल, तर केबलच्या दोन जागांमध्ये दोनच जातात. भाच्याचे मागचे स्पीकर गप्प राहत होते ते यामुळे.

म्हणून कार्ड घेताना खोक्यावर शोधायचे शब्द वेगळे आहेत: ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ किंवा ‘डीटीएस कनेक्ट’. ही सोय असलेलं कार्ड आवाज जागच्या जागी बांधून पाठवतं. एनव्हिडियाच्या २००१ मधल्या एनफोर्स मदरबोर्डवर आणि त्याच साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ही करामत होती. त्याला किंमत मात्र मोजावी लागते. डॉल्बीचं एक गाठोडं १५३६ मोजण्यांचं असतं आणि तेवढ्या गोळा व्हायलाच ३२ मिलिसेकंद जातात. बांधायचा आणि उघडायचा वेळ त्यावर आणखी. गेममध्ये हा उशीर चालून जातो, पण संगणकाला कीबोर्ड जोडून कोणी पेटी वाजवत असेल तर बोट आणि सूर यांच्यातलं अंतर त्याला नक्की खटकेल.

खरं तर आज बहुतेकांना कार्डच लागत नाही. रिसीव्हरला एचडीएमआय इनपुट असेल, तर ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय केबल थेट त्यात लावावी. तिच्यात पहिल्या आवृत्तीपासून आठ कच्चे चॅनेल मावतात, त्यामुळे गाठोडं बांधायचा प्रश्नच उरत नाही. केबल टीव्हीत लावून तिथून साउंडबारकडे आवाज नेणाऱ्यांची मात्र अनेकदा फसगत होते. आपल्याला काय वाजवता येतं, हे टीव्ही संगणकाला कळवतो. त्याने ‘दोन चॅनेल’ सांगितलं की संगणक दोनच पाठवतो, मग पलीकडचा साउंडबार कितीही चांगला असो. आणि फक्त सिनेमेच पाहायचे असतील, तर मदरबोर्डवरचं ऑप्टिकल पुरेसं आहे.

भाच्याचा फोटो आला. रिसीव्हरला एचडीएमआय नव्हतं. ऑप्टिकलची दोन छिद्रं तेवढी होती. त्याने गल्लीतून डॉल्बी डिजिटल लाइव्ह असलेलं जुनं कार्ड मिळवलं. रविवारी मी गेलो. सेटिंगमध्ये ती सोय निवडताच रिसीव्हरच्या काचेवर ‘डॉल्बी डिजिटल’ ही अक्षरं उजळली, गेम सुरू व्हायच्या आधीच. मग आम्ही एकेक स्पीकर वाजवून पाहिला. पुढचे तिन्ही बरोबर होते. पडद्यावर ‘मागचा डावा’ आलं आणि भाच्याने मान वळवली ती उजवीकडे. मागच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. इतके दिवस सिनेमाही तसाच उलटा ऐकला जात होता. वायरी बदलून त्याने पुन्हा ‘मागचा डावा’ वाजवला.

‘आता डावीकडून आला,’ तो म्हणाला, आणि त्याने गेम सुरू केला.