शितावरून भाताची परीक्षा

गेल्या भाऊबीजेला मी हिंगोलीला बहिणीकडे गेलो होतो. मेहुण्यांचे घराच्याच पुढच्या खोलीत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र आहे. शेतकऱ्यांचे सातबारे, आधार कार्डे, पासबुके, सारे काही तेथल्या तीन संगणकांत!

फराळ चालला होता. नांदेडला संगणकशास्त्र शिकणारी भाची बाहेरून म्हणाली, "बाबा, आपल्या वायफायवर चौथे यंत्र कुणाचे?"

"शेजारच्या गुरुजींचा लॅपटॉप असेल. मीच त्यांना पासवर्ड दिलाय," मेहुण्यांनी चकली मोडत निकाल दिला.

भाचीने चौघांनाही 'पिंग' केले, म्हणजे जाळ्यावरून हाक मारली. तिघांच्या उत्तरावर १२८ हा आकडा होता. चौथ्याच्या उत्तरावर ६४.

"हा गुरुजींचा नव्हे. त्यांच्याकडे विंडोज आहे."

नाव नाही, गाव नाही, अन् नुसत्या आकड्यावरून यंत्राची जात ओळखली? मी थक्क झालो.

"मामा, तुम्ही दोन वाक्ये बोललात की इथली माणसे म्हणतात, पाहुणे पुण्याचे! तसेच हे."

जाळ्यावरचा मजकूर छोट्या पाकिटांतून जातो. वाट चुकलेले पाकीट जन्मभर भटकू नये म्हणून त्यावर आयुष्याचा आकडा घालतात. वाटेतल्या प्रत्येक राउटरपाशी तो एकाने घटतो. शून्य झाला की पाकीट बाद. आरंभीचा आकडा मात्र ज्याने त्याने आपापल्या मर्जीने ठरविला. विंडोजचा सहसा १२८. लिनक्स, अँड्रॉइड व मॅक यांचा ६४. समजा ५७ आला, तर बहुधा ६४ वरून निघून पाकिटाने सात राउटर ओलांडले. शिवाय संभाषणाच्या पहिल्या पाकिटातील कलमांचा क्रमही प्रत्येकाचा निराळा. अशा खुणा ताडून यंत्र ओळखण्याची सोय गॉर्डन लायन यांनी १९९८ साली आपल्या 'एनमॅप' या प्रोग्रॅममध्ये केली.

"पण हा आकडा बदलताही येतो," भाची म्हणाली, "म्हणून हा संशय, पुरावा नव्हे. आणि चोरही असाच कानोसा घेतो. कुलूप कोणते ते कळले, की त्याच बेताची किल्ली आणतो."

मेहुण्यांची चकली हातातच राहिली. लोकांनी विश्वासाने ठेवलेले कागद ते!

तासाभराने उलगडा झाला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या मुलाचा मोबाइल! गुरुजींनी कौतुकाने त्याला पासवर्ड सांगितला होता. पोर बिचारे सिनेमा पाहत होते. तरीही पासवर्ड त्याच रात्री बदलला, आणि तो कुणालाही न सांगण्याची शपथ मेहुण्यांनी बहिणीसमक्ष घेतली.

मला मात्र ओवाळणीत भाचीचाही वाटा काढावा लागला!