बोटावरचा चिमटा

२०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके घरोघर जाऊन बोटाला चिमटा लावीत व रक्तातील प्राणवायू मोजीत, हे आठवते ना? चिमट्यातून तांबडे व अवरक्त किरण बोटातून जातात. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन तांबडे किरण कमी शोषते, अवरक्त अधिक. त्या प्रमाणावरून आकडा निघतो. ही युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली.

परंतु बोट गार असले, हलले किंवा नखावर गुलमंडीच्या बाजारातले गडद नेलपॉलिश असले, तर आकडा चुकू शकतो. म्हणून पथकातील ताईंनी ‘हात चोळा, नखे पुसा’ असे सांगावे. रुग्णानेही ‘आकडा ठीक आहे, पण धाप लागते’ हे बोलून दाखवावे. दोघांनी साथ दिली, तरच यंत्राचा उपयोग.