पुठ्ठ्याचे बाशिंग, खरी नवरी

'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण आपण सारेच उठताबसता वापरतो. पण ते बाशिंग कशाचे असते, कसे बांधतात, हे न्याहाळायला लग्नघरात कोणाला फुरसत असते? नाटकातली नवरी मात्र आधी मापायची, मग शिवायची, चिकटवायची आणि शेवटी नटवायची. डिसेंबर-जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांतून स्नेहसंमेलने सुरू होतात. शेतात कापसाची वेचणी चाललेली असते आणि घरी एखादी आई किंवा आजी पुठ्ठा, कात्री आणि खळीची वाटी घेऊन बसते. कारण कार्यक्रमात एक तरी लग्न असतेच.

मराठी रंगभूमीवरची सर्वांत गाजलेली वधू तर विदर्भाचीच लेक. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि हीच वर्धा पुढे यवतमाळ जिल्ह्याची सीमा होते. खाडिलकरांच्या 'संगीत स्वयंवर'मध्ये १९१६ साली बालगंधर्व रुक्मिणी झाले. गंधर्व नाटक मंडळीत शालू, पैठण्या, अत्तरे सारे अस्सल लागे. बालगंधर्वांची नेसण्याची, केस बांधण्याची ढब घरोघरच्या स्त्रियांनी उचलली. पण या थाटापायी मंडळीवर कर्जही चढत गेले. शाळेच्या रंगमंचाला ही हौस परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. शेवटच्या रांगेतून जरीचा कस दिसत नाही. दिसतो तो काठाचा रंग आणि कपाळावरचा आकार.

पारंपरिक बाशिंग भेंडाचे करीत. भेंड म्हणजे पाणवनस्पतीचा पांढरा, पिसासारखा हलका गाभा. त्याच्या चकत्या कापून, त्यांवर बेगड, रंगीत कागद आणि मणी लावून जिनगर मंडळी सुरेख बाशिंगे घडवीत. विदर्भातल्या खेड्यांत शिंदीच्या पानांचीही बाशिंगे होत. रंगमंचासाठी जाड पुठ्ठा पुरतो. मुलीच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कपाळावरून सुतळी धरून माप घ्यावे. वर्तमानपत्राचा कागद मधोमध दुमडून अर्धाच आकार कापावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. पुठ्ठा कापल्यावर त्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा खळीने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवावा. मग तो वाकत नाही. आतून मऊ फडक्याचे अस्तर हवेच, नाहीतर घामाने कपाळ सोलवटते. दोन नाड्या कानांमागून न्याव्यात आणि तिसरी डोक्यावरून नेऊन अंबाड्याला बांधावी. ही तिसरी नाडी विसरली की ऐन मंगलाष्टकांत बाशिंग डोळ्यांवर येते आणि सभागृहात हशा पिकतो.

सजावटीत बारीक कलाकुसरीचा मोह टाळावा. दहा लहान फुलांपेक्षा तीन मोठी लांबून उठून दिसतात. आरशाचे तुकडे जपून वापरावेत. दिव्याची तिरीप पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जाते. लोंबत्या लड्या गालांच्या कडेने सोडाव्यात. नवरीचे डोळेच झाकले तर ती लाजली काय आणि रडली काय, प्रेक्षकांना कळणार कसे? मुंडावळ्यांसाठी तर आपल्या जिल्ह्यात कापसाची कमी नाही. देवासाठी कापसाची वस्त्रे करतो तसेच मणी ओढून, एकाआड एक हळदीत बुडवावेत. विकतच्या प्लॅस्टिकच्या मोत्यांपेक्षा ते रंगमंचावर जिवंत दिसतात.

नऊवारीचे नेसू लहान मुलीला सांभाळत नाही आणि दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात ते नेसवूनही होत नाही. म्हणून जुन्या लुगड्याच्या निऱ्या आणि काष्टा कायमचे शिवून कमरेला नाडी घालावी. पिवळा रंग निवडताना पिकल्या हळदीचा गडद पिवळा घ्यावा. फिका पिवळा प्रखर दिव्याखाली पांढुरका दिसतो. दिव्यांचे काम पाहणाऱ्यालाही आधीच सांगून ठेवावे. लग्नाचा प्रवेश म्हणून तो हौसेने लाल प्रकाश सोडतो आणि लाल प्रकाशात हिरवा रंग काळा दिसतो. नवरीच्या हातात काळा चुडा पाहून आजीबाई चपापणारच. बांगड्या काचेच्याच असाव्यात, त्यांची किणकिण हवी. फक्त दोन्ही कडांना एकेक प्लॅस्टिकची घालावी, म्हणजे फुटण्याची भीती कमी.

या साऱ्यात सोने नकली चालते, जर नकली चालते. पण प्रत्येक वस्तूला जो अर्थ आहे तो नकली चालत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगमंचावर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, हे पाहताना प्रेक्षकांना नवरीच्या साजाचीच भीती वाटली असेल. पुढे तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला; नाव मात्र नाटकावरून नव्हे, तर तो मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. आजही शाळाशाळांतून बालविवाहावरच्या नाटुकल्या होतात. त्या बसवताना बाशिंग मुद्दाम दोन बोटे मोठे करावे आणि बांगड्या ढिल्या ठेवाव्यात. पोरीच्या कपाळावरून घसरणारे ते बाशिंग पाहिले की संवादांची निम्मी पाने गाळता येतात.

पुसद, दिग्रस, आर्णीकडच्या शाळांत बंजारा नवरी हमखास असते. भाड्याच्या दुकानातून आणलेला राजस्थानी घागरा तिला चढवून मोकळे होणे सोपे असते. पण फेटिया, कांचळी आणि टुकरी यांची घडण वेगळी. त्यांवर काचा, कवड्या, नाणी जडवायची रीतही वेगळी. केसांतली घुगरी-टोपली आणि दंडावरचा चुडो ही सौभाग्याची लेणी. कुमारिकेच्या अंगावर ती नाटकापुरतीही घालावीत का, हे तांड्यावरच्या एखाद्या याडीला आधी विचारावे. ती सांगेल, कदाचित टाकेही घालून देईल. जिचा वेश आपण मांडतो, तिला प्रेक्षकांत बसून तो परका वाटू नये, एवढे पथ्य पाळावेच.

आणि एक पथ्य यवतमाळकरांसाठी खास. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या वैशालीताई 'तेरवं' या नाटकातून रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. अशाच घरांतल्या स्त्रिया त्या नाटकात काम करीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याचे राज्यभर कौतुक झाले. तरीही खऱ्या लग्नात मुंडावळ्या बांधायची वेळ आली की कोणीतरी काकू, मावशी मुकाट्याने मागे सरते.

शाळेच्या लग्नाला ना मुहूर्त, ना सवाष्णींची यादी. तेव्हा रंगपटात नवरी तयार झाली की बाशिंगाच्या नाड्या बांधायला त्या मागे सरणाऱ्या मावशीलाच बोलवावे. बहुधा ते बाशिंग तिनेच केलेले असते.